वाचकांचे प्रश्न : मोनार्कच्या अळ्या आणि आपली बाग

उन्हाळ्यात बागेविषयी जी पत्रे आली, त्यांत टोमॅटो, दुधी आणि कढीपत्ता यांच्या बरोबरीने या वर्षी मोनार्क फुलपाखराच्या अळ्यांविषयी इतके प्रश्न होते की सप्टेंबरचे हे सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे. या अळ्या मिल्कवीड नावाच्या, आपल्या रुईच्या कुळातल्या चिकाच्या झाडांवर वाढतात. पत्रे जागेअभावी थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : ताई, दोन वर्षांपूर्वी परसात लावलेल्या स्वॅम्प मिल्कवीडच्या दोन झाडांवर जुलैमध्ये आम्ही मोनार्कच्या अकरा अळ्या मोजल्या. रोज सकाळी मोजून वहीत लिहायचा माझ्या मुलीने नेम धरला होता. चार दिवसांनी सात उरल्या, मग चार, आणि दहाव्या दिवशी एकही दिसेना. कोषही कुठे सापडला नाही. शेजारच्या बाई अंडे दिसले की पान तोडून घरात जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतात आणि पुढे फुलपाखरे सोडतात. आम्हीही तसेच करावे का?
— एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : मुलीची वही जपून ठेवा, कारण तिच्यातच अर्धे उत्तर आहे. अळी दिसेनाशी झाली त्या दिवशी ती केवढी होती, हे वहीत नोंदवले असेल तर ती मेली की निघून गेली, याचा बराचसा अंदाज बांधता येतो. मोनार्कची अळी चार वेळा कात टाकून पाचव्या अवस्थेत पोचते आणि तेव्हा ती साधारण साडेचार सेंटिमीटर लांब, आपल्या करंगळीएवढी होते. एवढी मोठी झाल्यावर ती खाणे सोडते, झाडावरून उतरते आणि कोषासाठी आडोसा शोधत चालू लागते. हा प्रवास कधी कधी दहा मीटरपर्यंतचा असतो, त्यामुळे ज्या झाडावर ती वाढली त्यावर कोष सापडणे हाच अपवाद म्हणावा लागेल. माझ्या घरी तीन कोष मागच्या पायऱ्यांच्या कठड्याखाली सापडले होते आणि एक, पालथ्या घातलेल्या रिकाम्या कुंडीच्या आत. तेव्हा कुंपणाच्या आडव्या पट्ट्या, खुर्च्यांची खालची बाजू आणि पागोळ्यांची कड एकदा वाकून पाहावी.

पण ज्या अळ्या सेंटिमीटरभर होण्याआधीच नाहीशा झाल्या, त्या बहुधा कुणाच्या तरी पोटात गेल्या असाव्यात. मिल्कवीडच्या चिकातले विष अंगी मुरल्यामुळे पक्षी या अळ्यांच्या वाटेला सहसा जात नाहीत, मात्र मुंग्या, कोळी, ढेकण्याच्या जातीचे किडे आणि गांधीलमाश्या यांना त्या विषाची फारशी तमा नसते. मादी आयुष्यात तीनशे ते पाचशे अंडी घालते आणि मोकळ्या बागेत शंभर अंड्यांमागे फार तर पाच-दहा फुलपाखरे होतात. हा हिशेब क्रूर वाटला तरी हजारो वर्षे तो असाच चालत आला आहे. आपल्या हातून काही चुकले म्हणून अळ्या गेल्या, असे मुलीला वाटू देऊ नका.

आपल्या हाती आहे ती झाडांची संख्या. दोन झाडांवर अकरा अळ्या म्हणजे दाटी झाली. कुंडीतले लहान रोप तर दोन मोठ्या अळ्या दोन-तीन दिवसांत नुसत्या काड्यांवर आणून ठेवतात, आणि मग पालक किंवा कोबी पुढे करून भागत नाही, कारण मोनार्कची अळी मिल्कवीडवरच वाढते. निदान सात-आठ झाडे असावीत आणि ती एकाच वाफ्यात न लावता बागेत विखरून लावावीत. सकाळी जवळ बसून पाहिले तर एक गंमत मुलीला दाखवता येईल : मोठी अळी पान खाण्याआधी त्याचा देठ अर्धवट कुरतडते, तिथून पांढरा चीक गळून जातो, पान माना टाकल्यासारखे खाली लोंबते, आणि मगच ती निवांतपणे कडेकडेने खायला लागते. असे लोंबणारे पान दिसले की जवळपास अळी आहे असे समजावे. अळी एका जागी निश्चल बसली असेल तर ती बहुधा कात टाकण्याच्या तयारीत असते. तिला बोटाने ओढून काढू नये, हलवायचीच झाली तर पानासकट हलवावी.

आता पिंजऱ्याविषयी. मुलांना पाहता यावे म्हणून एखाद-दुसरी अळी जाळीत ठेवायला माझी हरकत नाही. पिंजरा वातानुकूलित खोलीत न ठेवता बाहेर सावलीत ठेवावा, पाने रोज ताजी द्यावीत, विष्ठा रोज काढावी, प्रत्येक वापरानंतर जाळी पाण्यात मिसळलेल्या ब्लीचने धुवावी, आणि फुलपाखरू बाहेर आल्यावर पंख वाळले की जिथे अंडे सापडले तिथेच सोडावे. परंतु डझनांनी अळ्या घरात वाढवण्याचा सल्ला मी देणार नाही. गर्दीत रोग पसरतो, हे एक कारण. दुसरे कारण स्थलांतराचे आहे, कारण ही फुलपाखरे हिवाळ्यासाठी दक्षिणेला मेक्सिकोत जातात. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये दाखवले की विक्रीसाठी पैदास केलेली आणि घरात वाढवलेली फुलपाखरे शरद ऋतूत दक्षिणेची दिशा धरत नाहीत. पुढे 2021 मध्ये कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या अभ्यासात असे आढळले की घरात वाढलेली फुलपाखरे खुल्या हवेत सोडल्यावर बहुतेक दक्षिणेकडेच गेली. म्हणजे सगळे काही बिघडतेच असे नाही, पण ज्या जीवाला मेक्सिकोच्या मिचोआकान प्रांतातल्या, तीन हजार मीटर उंचीवरच्या ओयामेल जातीच्या फर वृक्षांच्या जंगलापर्यंत हजारो किलोमीटर उडत जायचे आहे, त्याला उन्हाची, वाऱ्याची आणि रात्रीच्या गारव्याची सवय जन्मापासून असलेलीच बरी. त्या जंगलात हिवाळ्यात फुलपाखरांनी व्यापलेले क्षेत्र 1996-97 मध्ये 18 हेक्टरांच्या वर होते, 2013-14 मध्ये ते 0.67 हेक्टरवर आले आणि 2024-25 मध्ये 1.79 हेक्टर भरले. ही घसरण पिंजऱ्यांनी भरून निघणार नाही. शेतांच्या बांधांवरून आणि रस्त्यांच्या कडांवरून नाहीसे झालेले मिल्कवीड परत आले पाहिजे, आणि त्यात आपला परसही येतो.

प्रश्न : माझ्याकडे लाल-पिवळ्या फुलांचे ट्रॉपिकल मिल्कवीड आहे. आपल्याकडे त्याला हळदीकुंकू म्हणतात, म्हणून कौतुकाने लावले. ते बारा महिने हिरवे राहते आणि डिसेंबरातही त्यावर अळ्या असतात. ते हिवाळ्यात छाटावे असे कुणीतरी सांगितले. अळ्या असलेले झाड छाटायला हात धजत नाही.
— ह्यूस्टन, टेक्सास

उत्तर : आपला हात का धजत नाही हे मला समजते, तरीही छाटणी करावीच लागेल. मोनार्कच्या अंगावर एका सूक्ष्म परजीवीचे कण असतात. त्याचे शास्त्रीय नाव लांबलचक असल्याने सगळे त्याला ओई म्हणतात. रोगट मादी अंडी घालायला पानावर बसली की तिच्या पोटावरून हे कण पानावर आणि अंड्यावर झडतात. अळी अंड्याचे टरफल आणि पान खाताना ते गिळते आणि परजीवी तिच्या शरीरात वाढतो. अळी वरून धडधाकटच दिसते. रोग उघडा पडतो तो शेवटी, कोषातून निघताना फुलपाखरू अडकते किंवा चुरगळलेल्या पंखांनी खाली पडते तेव्हा.

उत्तरेकडचे देशी मिल्कवीड थंडीत जमिनीपर्यंत वाळून जाते, त्यामुळे वर्षाकाठी पाने, आणि पानांबरोबर रोगाचे कण, आपोआप साफ होतात. ह्यूस्टनकडे, मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर, आपले हळदीकुंकू वाळतच नाही. एकावर एक पिढी त्याच पानांवर वाढते आणि कण साचत जातात. शिवाय ऑक्टोबरमध्ये दक्षिणेकडे निघालेल्या फुलपाखरांना वाटेत हिरवे मिल्कवीड भेटले की त्यांतली काही प्रवास सोडून तिथेच अंडी घालू लागतात. उन्हाळ्यातले मोनार्क दोन ते पाच आठवडे जगते, पण शरदात निघणारी पिढी आठ-नऊ महिने जगते. ती अंडी न घालता मेक्सिकोला जाते, हिवाळा फरच्या झाडांवर झोंबून काढते आणि मार्चमध्ये टेक्सासला परतून वसंतातली पहिली अंडी घालते. तिचे हे वेळापत्रक आपल्या अंगणातल्या एका कुंडीने मोडू नये.

म्हणून ऑक्टोबरात झाड जमिनीपासून पंधरा सेंटिमीटरवर छाटावे आणि फुटवे आले की फेब्रुवारीपर्यंत पुन्हा पुन्हा छाटत राहावे. छाटतेवेळी मोठ्या अळ्या असतील तर त्या उतरून जाईपर्यंत तेवढी खोडे राखावीत, बाकीची काढून टाकावीत. मी तरी असेच करीन. छाटलेल्या फांद्या पिशवीत बांधून कचऱ्यात द्याव्यात. त्याचबरोबर अँटिलोप हॉर्न्स किंवा झिझोटीस ही तिथली देशी मिल्कवीड एका बाजूला लावायला घ्यावीत. ती सावकाश वाढतात आणि फुलेही तितकी भडक नसतात, पण वसंतात परतणाऱ्या मादीला हवी असतात तीच ही झाडे. हळदीकुंकू हे मूळचे अमेरिकेच्या उष्ण भागातले झाड, तिथून ते आपल्याकडे आले. त्याच्याविषयी जिव्हाळा वाटतो म्हणून ते मुळासकट उपटा असे मी म्हणत नाही, फक्त छाटणीची तारीख चुकवू नका.

प्रश्न : मिल्कवीडच्या शेंड्यांवर पिवळाधमक मावा पडला म्हणून कडुनिंबाचे तेल फवारले. रासायनिक औषध नको असा विचार होता. दोन दिवसांनी अळ्या काळ्या पडून मेल्या. तेलानेच मेल्या का?
— नेपरव्हिल, इलिनॉय

उत्तर : होय, तसे दिसते. कडुनिंब घरचा वाटतो, पण त्यातले कडू द्रव्य पान खाणाऱ्या कोवळ्या अळीला कात टाकू देत नाही. टोमॅटोवरची अळी आणि मोनार्कची अळी यांत ते भेद करत नाही. साबणाचे पाणी, लसूण-मिरचीचा अर्क आणि अळ्यांसाठी म्हणून विकली जाणारी बीटी या जीवाणूची पावडर यांनाही मिल्कवीडपासून लांबच ठेवावे.

हा पिवळा मावा आपल्या ओळखीचा आहे. गावी रुईच्या आणि कण्हेरीच्या कोवळ्या शेंड्यांवर जो दिसतो, तोच. त्यात सगळ्या माद्याच असतात आणि त्या थेट पिल्ले देतात, त्यामुळे आठवड्यात शेंडा भरून जातो. तो दिसायला ओंगळ असला तरी जोमदार झाडाचे त्याने फारसे बिघडत नाही. आधी पानाच्या खालून अंडी आणि बारीक अळ्या आहेत का ते पाहावे. अंडे टाचणीच्या टोकाएवढे, दुधी पांढरे आणि उभ्या रेघांचे असते. ती नसलेल्या शेंड्यावर पाण्याची धार मारावी किंवा मावा बोटांनी चिरडावा. नंतर हात साबणाने धुवावेत आणि चिकाचा हात डोळ्याला अजिबात लावू नये, कारण या चिकाने डोळ्याच्या बुबुळाला गंभीर इजा होते. लेन्स वापरणाऱ्यांनी विशेष जपावे.

फवारलेले शेंडे कापून टाका, नवी फूट स्वच्छ येईल. रोपे विकत आणताना मात्र आधी विचारा. एका वर्षी मी एका रोपवाटिकेतून दोन टवटवीत कुंड्या आणल्या, अळ्या त्यांवर सोडल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हिरवे ओकून पानांवरून लोंबत होत्या. चौकशी केल्यावर कळले की रोपे वाढवतानाच मुळांतून औषध दिले होते. असे औषध पानात उतरते आणि धुऊन जात नाही. त्या सकाळीपासून, औषध दिलेले नाही असे विक्रेता स्पष्ट सांगत नसेल तर मी रोप घेत नाही. घराभोवती डासांसाठी फवारणी करून घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे, त्यातले औषध अळ्यांनाही तितकेच मारते.

प्रश्न : आमच्या शेपूवर हिरव्या-काळ्या पट्ट्यांच्या अळ्या आहेत. त्या मोनार्कच्या का?
— एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : नाहीत. शेपू, पार्सली, बडीशेप आणि गाजराचा पाला खाणारी ही ब्लॅक स्वॅलोटेल फुलपाखराची अळी आहे. मोनार्कच्या अंगावर काळे, पिवळे आणि पांढरे पट्टे असतात, हिरवा रंग नसतो. शेपूवरच्या अळीला काडीने हलकेच डिवचले तर डोक्यामागून नारिंगी दुहेरी शिंग बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. लिंबावरच्या अळ्यांना गावी आपण असेच करताना पाहिले असेल. 2015 पासून महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू असलेले ब्लू मॉर्मन याच कुळातले. दोन जुड्या शेपू तिच्यासाठी सोडा, आपल्याला उरलेला पुरतो.

प्रश्न : कुंपणावरचा हिरवा कोष वाऱ्याने खाली पडला. दुसऱ्या एका कोषातून पांढरे दोरे लोंबत आहेत. दोन्ही वाचतील का?
— मिसिसागा, ऑन्टारिओ

उत्तर : पहिला बहुधा वाचेल. अळी उलटी टांगून घेते, इंग्रजी ‘J’ अक्षरासारखी वाकते, आणि बारा-पंधरा तासांनी तिच्या डोक्यावरचे काळे धागे मलूल होऊन पिळवटतात. मग पाठीवर कात उकलते आणि आतून ओला, मऊ, पोपटी कोष वळवळत बाहेर येतो. त्या दिवशी त्याला मुळीच हात लावू नये. दिवसभराने तो कडक होतो. आपला कोष कडक झालेला असेल आणि फुटलेला नसेल, तर त्याच्या टोकाच्या काळ्या देठाला शिवणाचा दोरा बांधून सावलीत टांगा. देठ तुटला असेल तर जाळीच्या भिंतीला लागून कागदी रुमालावर आडवा ठेवा. फुलपाखरू बाहेर आल्याबरोबर भिंत चढून लोंबू शकले पाहिजे, कारण पंखांत रस भरून ते ताणले जातात ते लोंबतानाच. शेवटच्या दिवशी कोष काळा दिसला तर घाबरू नका. कवच पारदर्शक होऊन आतले नारिंगी-काळे पंख दिसत असतात. बाहेर आल्यावर जे लालसर थेंब पडतात तेही रक्त नव्हे, कोषात साचलेला मळ असतो.

दुसरा कोष मात्र गेला. एक जातीची माशी अळीच्या अंगावर अंडी घालते, तिच्या अळ्या मोनार्कला आतून खातात आणि पांढऱ्या दोऱ्यांवरून खाली उतरून मातीत जातात. तो कोष काढून टाकावा. त्या माशीलाही पिल्ले वाढवायची असतात, एवढेच म्हणता येईल.

प्रश्न : सॅन होजेत घरी अळ्या वाढवता येतील का?
— कॅलिफोर्निया

उत्तर : परवान्याशिवाय नाही. कॅलिफोर्नियात मोनार्कची अंडी, अळ्या किंवा फुलपाखरे गोळा करण्यास आणि घरात वाढवण्यास राज्याच्या वन्यजीव खात्याचा परवाना लागतो. अरुंद पानांचे देशी मिल्कवीड बागेत लावावे आणि अळ्यांना त्यावरच राहू द्यावे, दुरून पाहायला कुणाची मनाई नाही.

प्रश्न : अमेरिकेहून आलेल्या नातवाने आमच्या सोसायटीच्या मागे रुईवर अळी पाहिली आणि ती मोनार्कची आहे असे ठासून सांगितले. मोनार्क पुण्यात असते का?
— कोथरूड, पुणे

उत्तर : भारतात मोनार्क नाही, तरीही नातवाची नजर चांगली आहे. रुईवरची ती अळी प्लेन टायगर फुलपाखराची असावी. ते मोनार्कच्याच प्रजातिगणातले, म्हणजे अगदी सख्खे भावंड म्हणावे इतके जवळचे आहे, आणि रुई व मिल्कवीड हीदेखील एकाच कुळातली. नातवाला अळीच्या अंगावरचे काळे धागे मोजायला सांगा. मोनार्कला दोन जोड्या असतात, एक डोक्याकडे आणि एक शेपटीकडे. प्लेन टायगरला तिसरी जोडी असते, पाठीवर पुढच्या बाजूला. मोनार्कविषयी वर जे सांगितले त्यातले फवारणीचे, चिकाचे आणि पानांचे सगळे नियम तिलाही लागू पडतात. शनिवारी मारुतीच्या हारासाठी पाने तोडताना खालची बाजू पाहून तोडली आणि सोसायटीच्या माळ्याने ते झुडूप तण म्हणून काढले नाही, तर तिला आणखी काही लागत नाही.

प्रश्न : कॉमन मिल्कवीडच्या शेंगा मिळाल्या आहेत. बी केव्हा पेरावे?
— प्रिन्स्टन, न्यू जर्सी

उत्तर : शेंग उकलली की आतून रुईसारखीच म्हातारी उडते. दुसऱ्या महायुद्धात, 1944 च्या शरदात, इथल्या शाळकरी मुलांनी हाच कापूस जीवरक्षक जाकिटांत भरण्यासाठी पोत्यांनी गोळा केला होता. आपण तो बाजूला काढून फक्त तपकिरी, चपटे बी घ्यावे. या बियांना थंडी लागल्याशिवाय त्या नीट रुजत नाहीत, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जमीन गोठण्यापूर्वी, भरपूर उन्हाच्या जागी अर्धा सेंटिमीटर खोल पेराव्यात आणि बाकीचे काम हिवाळ्यावर सोपवावे. ते जमले नाही तर ओलसर वाळूत मिसळून महिना-दीड महिना फ्रिजमध्ये ठेवून वसंतात पेराव्यात. हे मिल्कवीड जमिनीखालून धावते, तेव्हा भाजीच्या वाफ्याला लागून लावू नये. पहिल्या वर्षी फुले येण्याची वाट पाहू नका. पेरलेल्या जागी काठी रोवून खूण करा, कारण वसंतात सगळी बाग हिरवी झाल्यावरही मिल्कवीड उशिरा, मे उजाडल्यावर, वर येते आणि रिकामी जागा समजून लोक नेमके तिथेच खुरपे चालवतात.